सासूबाईंची पिशवी आणि ढगातले शेवाळ

डिसेंबरातल्या त्या सकाळी तिकिटाच्या खिडकीपाशी सासूबाईंना उभे पाहिले आणि आजचा दिवस सरळ जाणार नाही हे मी ओळखले.

दिवस माझ्या परीक्षेचा होता. इतकी वर्षे मी डोंगरावरच्या गोठ्यांमधून दुधाचे कॅन चीजच्या कारखान्यात पोचवत आलो होतो. कॅन वाहून वाहून माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला आहे, शर्ट शिवताना शिंपी दर वेळी हळहळतो. आता राखीव जंगलात वाटाड्याची जागा रिकामी झाली होती. पाहुण्यांची एक टोळी घेऊन ढगातल्या जंगलातून फेरी मारायची, मुख्य वाटाडे आबेलार्दोसाहेब मागून चालत सगळे बघणार, आणि त्यांना पसंत पडले तर छातीवर बिल्ला. नाही पडले तर पुन्हा कॅन.

सासूबाई, म्हणजे सेनेइदाबाई, या जंगलापासून हाकेच्या अंतरावर राहतात. पण तिकीट काढून जंगल बघायला त्या जन्मात कधी आल्या नव्हत्या. आज अंगावर चर्चला जायचा निळा झगा, पायात गोठ्यातले रबरी बूट आणि खांद्याला ही मोठी कापडी पिशवी. जावयाची परीक्षा आहे, मग सासूने पाठीशी उभे राहायला नको का, असे त्या तिकिटाच्या पोरीला सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होत्या. पिशवीत काय आहे, असे मी हळूच विचारले. छत्री आहे, म्हणाल्या. छत्री त्यांच्या दुसऱ्या हातात होती.

आता पिशवीचे मर्म सांगायचे तर आधी सासूबाईंचा गळा सांगितला पाहिजे.

आमच्याकडे नाताळला घराघरांतून बाळ येशूचा देखावा मांडतात. गव्हाणी, मेंढ्या, तीन राजे, मधोमध बाळ. आणि तो देखावा उतरवायच्या दिवशी जपमाळ, म्हणजे मण्यांवर मोजलेल्या मरियेच्या प्रार्थना, म्हणतात, त्या नुसत्या पुटपुटून नव्हे, गाऊन. गिटार असते, अकॉर्डियन असते, शेजारपाजार गोळा होतो. पुढे बसून जपमाळ चालवणाऱ्याच्या अंगात ताकद असली तर ती रात्र वेगळीच होते. सासूबाईंच्या तोडीचे कोणी या डोंगरावर नाही. त्यांनी डोळे मिटून पहिला सूर लावला की म्हातारे आपणहून टोपी काढतात, स्वयंपाकघरातली भांडी गप्प होतात, हातातली कॉफी निवून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मरियेला वस्तीच्या दारोदार जागा नाकारली, हे कडवे त्या अशा काही म्हणतात की आपणच दार लावून घेतले होते असे वाटून मान खाली जाते. मी दर वर्षी रडतो. घरी मला त्या काय काय बोलतात ते ठाऊक असूनही रडतो.

तर बाळाला निजवायला खाली शेवाळ लागते. पूर्वी सगळे जण जंगलातून शेवाळ आणत. जंगल राखीव झाले आणि चिमूटभरसुद्धा उचलायची बंदी आली. लोकांनी हिरवा रंगवलेला भुसा वापरायला सुरुवात केली. गेल्या वर्षी सासूबाईंनीही नाइलाजाने भुसा अंथरला, तर भर जपमाळेत तो अकॉर्डियनवाल्याच्या नाकात गेला आणि मरियेच्या दुःखात त्याने अशी काही शिंक दिली की पुढच्या रांगेतली पोरे हसू लागली. शिवाय बाळाची पाठ हिरवी झाली, ती वेगळीच. ‘देवाच्या लेकराला पोत्यावर झोपवलं मी,’ असे सासूबाई वर्षभर म्हणत होत्या.

म्हणून पिशवी पाहताच मला सगळे कळले. कळले, तर मग त्यांना परत का नाही पाठवले, असे तुम्ही विचाराल. पण आमच्या मुलखात कोणी कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. शेजाऱ्याने शिडी मागितली आणि द्यायची नसली तर आम्ही आधी पावसापाण्याचे बोलतो, मग त्याच्या गाईची चौकशी करतो, आणि शेवटी ‘बघू या’ म्हणतो. एवढ्यावर शेजारी समजतो आणि आभार मानून दुसऱ्या घरी जातो. आम्ही कुत्र्यालाही ‘अहो, जरा बाजूला होता का’ असेच म्हणतो. तेव्हा मी सासूबाईंना म्हणालो की आज धुके फार आहे, वाट निसरडी आहे, तुमच्या गुडघ्यांचे कसे व्हायचे. गुडघे छान आहेत म्हणून त्यांनी सांगितले आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

टोळी लहानच होती. एक डच नवरा-बायको, त्यांच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. राजधानीतल्या एक बाई, पांढरे शुभ्र बूट घालून आलेल्या आणि साप दिसेल का हे दर वळणावर विचारणाऱ्या. सासूबाई. आणि सगळ्यांच्या मागे आबेलार्दोसाहेब, उंच, वाळके, इस्त्रीच्या शर्टात, हात पाठीशी बांधून. त्यांनी मला पावसाबद्दल विचारले, आईच्या तब्येतीबद्दल विचारले, आणि आपण इथे नाहीच असे समजा म्हणाले.

जंगलात शिरलो आणि ढग आमच्या अंगावरून चालू लागला. झाडांची खोडे शेवाळाने इतकी जाड झालेली की प्रत्येक फांदीने लोकरीची बाही घातल्यासारखी. पानापानातून थेंब गळत होते. पहिल्याच वळणावर मला मोठ्या चोचीचा हिरवा टूकन पक्षी दिसला. मी तिपाई रोवली, दुर्बीण लावली आणि म्हणालो, वर बघा. सगळ्यांनी माना वर केल्या. मी सहज खाली पाहिले तर सासूबाई वाकलेल्या. खोडावरून शेवाळाचा एक गलेलठ्ठ तुकडा त्यांनी भाकरी उलथावी तितक्या सफाईने सोडवला आणि पिशवीत टाकला. सरळ झाल्या आणि टूकनकडे बघून म्हणाल्या, किती गोड आहे नाही.

पुढच्या वळणावर काळे रानकोंबडे फांदीवर बसले होते. वर बघा, म्हणालो. पुन्हा तेच. त्याच्या पुढे माकडे. पुन्हा तेच. मी वर बोट दाखवावे आणि त्यांनी खाली हात घालावा, अशी आमची जोडी जमली होती, जणू दोघांनी घरी बसून तालीम केलेली. माझ्या ध्यानात आले की या चोरीत अर्धा हात माझाच आहे. आबेलार्दोसाहेबांची मान एकदा जरी खाली वळली असती तरी बिल्ला गेला असता.

काय करावे? देवाचे नाव घेतले आणि मी पक्षी दाखवणे बंद केले.

‘मंडळी,’ मी म्हणालो, ‘या जंगलाची खरी मजा खाली आहे.’

मग मी सगळ्यांना वाकवले. टाचणीच्या डोक्याएवढे ऑर्किड दाखवले. काचेसारखे पंख असलेले फुलपाखरू दाखवले. कुजक्या ओंडक्यावरच्या भुंग्यांच्या अळ्या दाखवल्या. त्यातून कोणाची नजर उठू लागली तर लगेच एखादी बुरशी दाखवली. खरे सांगायचे तर त्यातल्या निम्म्या बुरशा मलाही नव्या होत्या, पण भीतीने माणसाची वाणी फुलते. एका गोगलगायीवर मी इतका रसाळ बोललो की राजधानीच्या बाई साप विसरल्या आणि पांढऱ्या बुटांसकट चिखलात गुडघे टेकून बसल्या. डच बाई म्हणाल्या की आजवर सगळ्या वाटाड्यांनी आमच्या माना मोडल्या, तुम्ही पहिलेच. आबेलार्दोसाहेब वाकले की त्यांचा शर्ट चुरगळत होता आणि ते दर वेळी तो नीट करत होते.

सगळ्यांच्या नजरा जमिनीवर, त्यामुळे सासूबाईंची पंचाईत झाली. त्या माझ्याकडे असे बघू लागल्या, जणू मी त्यांच्या कॉफीत मीठ घातले होते. दोनदा त्यांनी स्वतःच आभाळाकडे बोट करून ‘अगंबाई, ते काय’ असे करून पाहिले. मी दोन्ही वेळा म्हणालो, ते पान आहे, सासूबाई.

असे करत आम्ही मोठ्या रानअवोकाडोखाली आलो. सगळी मंडळी एका ऑर्किडवर भिंग धरून वाकली होती. मी पाठ सरळ करायला म्हणून जरा वर पाहिले.

डोक्यावर, अगदी खालच्या फांदीवर, केत्साल बसला होता, ज्या एका पक्ष्यासाठी लोक समुद्र ओलांडून इथे येतात तो. या दिवसांत तो डोंगराच्या पलीकडच्या उतारावर असतो, इकडे दिसत नाही. नर होता. छाती डाळिंबाच्या रंगाची, आणि पाठीवरून सुटलेली ती लांब शेपटी धुक्यात हळूहळू झुलत होती. सगळ्यांना दिसेल, दुर्बीणही नको, इतका जवळ. आणि त्याच्या खाली आम्ही सगळे एका टाचणीला नमस्कार घातल्यासारखे वाकलेलो.

‘वर बघा’ म्हणावे तर सासूबाई मोकळ्या सुटणार, कारण खोडाशी या जंगलातले सगळ्यात मऊ शेवाळ होते आणि त्यांची नजर त्याच्यावर केव्हाची लागलेली. न म्हणावे, तर केत्साल पाहून गप्प बसणारा वाटाडा मी पहिलाच. बिल्ला या तोंडाने मागायचा? पण त्याहून एक गोष्ट मला जास्त टोचली. देवाने एवढे सजवून पाठवलेले पाखरू, आणि मी ते माझ्या भीतीच्या पोटी लोकांपासून लपवावे? जपमाळेत सासूबाई ज्या दारे लावून घेणाऱ्यांबद्दल गातात, त्यांच्यात नि माझ्यात मग फरक काय राहिला?

‘हळूच,’ मी म्हणालो, ‘वर बघा.’

मग जी शांतता झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. डच माणसाच्या हातात तोफेएवढा कॅमेरा होता, तो त्याने उचललासुद्धा नाही. राजधानीच्या बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. आणि मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले, तर सासूबाई वाकल्या नव्हत्या. त्यांनीही मान वर केली होती, ओठ विलग झाले होते, आणि पिशवी खांद्यावरून घसरून पायाशी पडली होती ते त्यांच्या गावीही नव्हते. जन्मभर शेजारी राहून या बाईने केत्साल इतका जवळून पाहिला नसावा. गोठा, चूल, लेकरे यांतून वर बघायला वेळ कोणी दिला होता त्यांना?

केत्साल उडाला. शेपटी त्याच्या मागून रिबिनीसारखी गेली. आणि त्या शांततेत सासूबाईंच्या पायापाशी आवाज झाला.

टिंग.

चमच्याने काचेच्या पेल्यावर टिचकी मारावी तसा. आमच्याकडचा हा अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक. ओल्या हवेत सगळीकडून ऐकू येतो आणि दिसत मात्र कोणालाच नाही. शेवाळात खोल राहतो.

टिंग, पुन्हा आला.

आबेलार्दोसाहेबांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. या बेडकाचे त्यांना वेड होते, हे सगळ्या वाटाड्यांना ठाऊक होते. आयुष्यभर तो ऐकला आणि डोळ्यांनी पाहिला असेल मोजक्या वेळा. इस्त्रीची पर्वा न करता ते खाली बसले आणि कान देत देत, पालापाचोळा अलगद बाजूला करत पुढे सरकू लागले. खोडाकडे गेले. परत आले. शेवटी त्यांचे नाक पिशवीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबले.

टिंग, पिशवी म्हणाली.

आबेलार्दोसाहेबांनी वर सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंनी खाली त्यांच्याकडे पाहिले. आता सगळ्यांना सगळे कळले होते, आणि बोलायचे कोणी हाच प्रश्न होता. बाईमाणसाला पिशवी उघडा कसे म्हणायचे? साहेब उठले. त्यांनी धुक्याबद्दल दोन शब्द काढले. सासूबाईंनी मान डोलावली. त्यांनी यंदाच्या कॉफीच्या पिकाची चौकशी केली. सासूबाई म्हणाल्या, बरे आहे, देवाची कृपा.

‘नाही म्हणजे,’ साहेब शेवटी म्हणाले, ‘असं तर झालं नसेल ना, की एखादा बेडूक, अर्थात त्याच्याच चुकीनं, आपल्या छत्रीबरोबर...’

‘असेलही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आजकाल बेडकांचं काय सांगावं.’

‘अर्थात, अर्थात,’ साहेब म्हणाले.

हे असेच अंधार पडेपर्यंत चालले असते. डच मंडळी या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. पिशवी अधूनमधून आपले मत देत होती. मला त्या इवल्याशा जिवाची दया आली. तो बिचारा घर कुठे गेले म्हणून हाका मारत होता, आणि आम्ही कॉफीचे पीक बोलत होतो. माझ्या तोंडून शब्द निघाले, ते मी ऐकले तेव्हा मलाच दुसरे कोणी बोलतेय असे वाटले.

‘साहेब, पिशवीत शेवाळ आहे. आमच्या सासूबाईंनी काढलंय, बाळ येशूखाली घालायला. मी पहिल्या वळणापासून बघतोय आणि गप्प बसलोय.’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी इथे लिहीत नाही. लग्नात मुलगी दिल्याचा पश्चात्ताप त्यांना अधूनमधून होत असे, तो त्या क्षणी कायमचा झाला.

‘जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘बाळाला तुमच्या बिल्ल्यावर निजवू का मी?’

साहेब बराच वेळ खोकले. मग म्हणाले की नियम शेवाळ फाटकाबाहेर नेण्याबद्दल आहे. फाटक अजून लांब आहे. तोवर जे जंगलात आहे ते जंगलातच आहे, पिशवीत असले तरी. आणि बेडकाला त्याच्या अंथरुणासकट घरी सोडायचे तर सोबत आपण सगळेच जाऊ.

मग आमची वरात उलटी निघाली. सासूबाईंनी पिशवीतला प्रत्येक तुकडा जिथला तिथे लावला. कुठला कोणत्या खोडाचा, उजव्या अंगाचा की डाव्या, सगळे त्यांच्या लक्षात. लावून झाला की लेकराला पांघरूण घालून थोपटावे तसा वरून हात फिरवत. डच मंडळींना हा फेरीचाच भाग वाटला, त्यांनीही थोपटले. माकडांच्या झाडापाशी तुकडा उलटताना बेडूक दिसला, तांबूस, डोळे मोठे, सासूबाईंच्या करंगळीवर क्षणभर बसलेला. आबेलार्दोसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. सासूबाईंनी मान वळवून ते न पाहिल्यासारखे केले.

फाटकापाशी मंडळींनी हात मिळवले, डच बाईंनी सासूबाईंचा मुका घेतला, आणि मग साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी आभाळाकडे पाहिले. दुपारनंतर उघडेल असे वाटते म्हणाले. माझ्या आईला नमस्कार सांगायला सांगितला.

‘आणि बिल्ल्याचं,’ ते म्हणाले, ‘बघू या.’

बघू या. मी आभार मानले. रीतच आहे. वळलो, आणि माझ्या डोळ्यांपुढे दुधाचे कॅन एकामागून एक उभे राहिले. दूध तेच, उतार तोच, खांदा तोच. घरी माझी बायको यामिलेत दारात उभी असणार, तिला काय सांगू? काही पावले गेलो तेव्हा लक्षात आले की सासूबाई मागे नाहीत.

त्या फाटकापाशीच उभ्या होत्या, साहेबांच्या समोर, रबरी बूट रोवून.

‘बघू या म्हणजे काय?’ त्या विचारत होत्या.

साहेब म्हणाले, बघू या म्हणजे, म्हणजे आपण बघू.

‘कोण बघणार? केव्हा? माझा जावई दुबळा आहे, कबूल. त्याच्या एका गोगलगायीनं माझा अर्धा दिवस खाल्ला. पण त्यानं आज सगळ्यांदेखत माझं तोंड काळं केलं, आपल्या घासावर पाणी सोडून. मी चोर, तो नाही. आता तुम्ही हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मी ऐकून मगच जाईन.’

तिकिटाच्या पोरीने खिडकी हळूच लावून घेतली. आमच्या डोंगरावर असे कोणी कोणाला कधी विचारले नव्हते. साहेबांनी टोपी काढली, घातली. पावसाचा विषय काढू पाहिला. सासूबाई गप्प. गाईचा विषय त्यांच्या ओठांवर आलेला मी पाहिला. सासूबाई गप्प. आणि त्यांच्या गाण्याआधी असते तशी ती शांतता होती, जिच्यापुढे म्हातारेसुद्धा टोपी काढतात.

‘हो,’ आबेलार्दोसाहेब म्हणाले.

मग ते स्वतःच दचकले आणि भराभर बोलू लागले. केत्साल काय, तो मनात आले की कोणालाही दिसतो. पण जो माणूस जंगलासाठी स्वतःच्या सासूची पिशवी उघडून दाखवतो, त्याच्याहून चांगला राखणदार दुसरा कुठून आणायचा? आपण तर त्या पिशवीपुढे कॉफीचे पीक बोलत बसलो होतो. त्यांनी खिशातून बिल्ला काढला आणि माझ्या छातीवर लावला, खाली गेलेल्या खांद्याच्या बाजूला, त्यामुळे तो तिरका बसला.

सासूबाईंना वाटले आता वारे आपल्या बाजूने आहे. आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, मग साहेब, आता घरचेच झालात, तर बाळापुरते, अगदी मूठभर शेवाळ...

‘नाही,’ साहेब म्हणाले.

साहेबांच्या गालांवर रंग चढला. त्यांना तो शब्द आवडला होता, हे उघड दिसत होते. तेवढ्यात राजधानीच्या बाई परत आल्या आणि मोटार इथेच सावलीत ठेवली तर चालेल का म्हणाल्या. ‘नाही,’ साहेब आनंदाने म्हणाले. डच माणसाने उद्या पहाटे फाटक लवकर उघडाल का विचारले. ‘नाही.’ तिकिटाच्या पोरीने खिडकी किलकिली करून, आज लवकर घरी जाऊ का, असे विचारले, आणि पहिल्यांदाच हसणाऱ्या आबेलार्दोसाहेबांकडून तिलाही तेच मिळाले. आम्ही उतार उतरू लागलो तरी मागून तो आवाज येतच होता.

ओढ्यापाशी आल्यावर सासूबाई गुणगुणू लागल्या. दार नाकारल्याचे कडवे नव्हते ते, त्याच्या पुढचे, गोठ्यात उजेड पडल्याचे. मी सवयीने खालचा सूर धरला. त्यांनी धरू दिला.

घर दिसू लागले तेव्हा म्हणाल्या की यंदा भुसा दोनदा धुऊन, चाळून, उन्हात वाळवून मगच रंगवायचा, म्हणजे धूळ उडणार नाही आणि बाळाच्या पाठीला रंग लागणार नाही. भुश्याचे पोते सुताराकडून मी आणायचे, चाळायचे मी, धुवायचे मी.

मी छातीवरच्या बिल्ल्याला हात लावून म्हणालो, सासूबाई, आजच्या दिवस तरी जरा बसू का, गरम गुळाचं पाणी पिऊन?

‘नाही,’ सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवून मोकळ्या झाल्या.